पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, मग सगळे येतात. तेव्हा कान कुठे ठेवायचा?

पांढरी_पाच (डोंबिवली)

नमस्कार मंडळी,

मी घरी गाणं शिकवते. संध्याकाळी सहा ते आठ दोन तुकड्या असतात, त्यानंतर स्वयंपाक. 24 डिसेंबरला क्लासला सुट्टी होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा इंग्लंडहून मेसेज आला, ''ताई, आज साडेआठला मोकळ्या राहा आणि ही लिंक लावा.'' केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधली नाताळची उपासना तिथे दुपारी तीनला सुरू होते आणि बीबीसी ती थेट ऐकवतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ.

मी मेथीची जुडी घेऊन बसले होते. फोन छोट्या स्पीकरला जोडला. निवेदन संपलं आणि मग काहीच नाही. आवाज बंद पडला असं वाटून मी उठणार, तेवढ्यात एक मुलगा गायला लागला. वाद्य नाही, आधी सूर दिलेला ऐकू आला नाही, काही नाही. 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'. मंद्र पंचमावरून उचललं, निषादावरून षड्जावर आला आणि तिथे उभा राहिला. दहा-बारा वर्षांचा आवाज. मुरकी नाही, हरकत नाही, मींड नाही. सूर लावायचा आणि सोडायचा, एवढंच. माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली आणि डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा लावलं आणि शेजारी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) सुरू ठेवला. अख्खं कडवं तो मुलगा जिथल्या तिथे आहे. माझ्याकडे सात-आठ वर्षं शिकलेल्या मुली साथीशिवाय चार ओळी गायल्या की केसभर उतरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, ते कठीणच आहे.

पण माझा प्रश्न दुसऱ्या कडव्याबद्दल आहे. दुसऱ्या कडव्याला सगळा वृंद येतो, अजूनही वाद्य नाही. आणि तिथे माझा कान हरवतो. चाल तीच आहे हे कळतं, पण तिच्याखाली तीन निरनिराळे सूर चालू असतात आणि मी एकाचा हात धरला की दुसरा निसटतो. इतक्या वर्षांच्या सवयीने एक गोष्ट मला पक्की माहीत आहे: जे मला भिडतं ते मी लगेच गुणगुणू शकते. एखादी जागा आवडली की ती गळ्यात येते, मोडकीतोडकी का होईना. इथे अंगावर काटा आला, अगदी दंडापर्यंत, आणि गुणगुणायला गेले तर हाताशी फक्त वरची चाल. ज्याने काटा आला ते गळ्यात येईचना.

जे मला गाऊन दाखवता येत नाही ते मला इतकं का लागलं? आणि असं गाणं तुम्ही ऐकता तरी कसं? चर्चमध्ये गाणारं कुणी इथे असेल तर मनापासून विचारते आहे. आणि त्या पोराला सूर कोण देतं, तेही सांगा.

आल्टो_नगरची

ताई, मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर), हल्ली पुण्यात. आमच्या मराठी चर्चच्या क्वायरमध्ये पंधराव्या वर्षापासून आल्टो (चार आवाजांतला वरून दुसरा) गाते, आणि आज पन्नाशी ओलांडली.

आधी सुराचं. साथ नसेल तेव्हा वृंदाचा प्रमुख बहुधा ट्यूनिंग फोर्क वापरतो, शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा तोच. गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा. त्यावर 'ए' वाजतो, तुमच्या हिशोबात पांढरी सहा. तिथून हवा तो सूर मनात काढायचा आणि अगदी हळू गुणगुणून द्यायचा. किंग्जमध्ये उपासनेआधी बराच वेळ ऑर्गन वाजत असतो, त्यामुळे मुलांचे कान तापलेले असतात. त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे: ते कडवं तीन-चार मुलं तयार करून येतात, आणि आज कोण गाणार हे प्रमुख अगदी ऐन क्षणी बोट दाखवून ठरवतात. रात्रभर धास्ती घेऊन कुणी झोपू नये म्हणून.

आता दुसरं कडवं. तुम्ही म्हणता एकाचा हात धरला की दुसरा निसटतो, ते तसंच होणार, कारण तुम्ही वरून ऐकताय. चाल सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजात असते, तिथे कान आपोआप जातो. एकदा फक्त तळाचा आवाज धरून बघा, बेसचा. चाल माहीतच आहे, ती कुठे पळून जात नाही. बेस चार-पाच वेळा ऐकलात की मधले दोन आवाज, आल्टो आणि टेनर, आपोआप उघडतात.

आमच्या वाट्याला चाल कधीच नसते, हेही सांगते. आल्टोची ओळ एकटी गायली तर कुणालाच ओळखू येणार नाही. दोन-तीन सुरांवरच फिरत राहते. लहान असताना मी घरी सराव करायचे तेव्हा आई म्हणायची, हे काय गाणं आहे का. पण ती ओळ काढली की सगळं पोकळ होतं. म्हणजे तुम्हाला जे गुणगुणता आलं नाही ते मलाही येत नाही, पस्तीस वर्षं गाऊनसुद्धा. मी त्यातला माझा वाटा गाऊ शकते.

आणि एक. ती दोन कडवी साथीशिवाय का कठीण आहेत ते तिसऱ्यात कळतं. तिसऱ्याला ऑर्गन येतो आणि सगळी मंडळी गायला लागतात. दोन कडव्यांत वृंद जरा जरी उतरला असेल तर ऑर्गन आल्याबरोबर उघडं पडतं. आमचं एका वर्षी झालं. दोन कडवी आम्ही सुंदर गायलो असं आम्हाला वाटत होतं, तिसऱ्याला ऑर्गन आला आणि आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली. पुढच्या बाकावरच्या आजींनी मान वर करून बघितलं. त्या नाताळला मला घरी आल्यावर करंजी गोड लागली नाही. पुढचं सगळं वर्ष आम्ही दर शुक्रवारी तालमीत ते दुसरं कडवं गायलो आणि शेवटी फोर्क लावून तपासलं.

माळकरी

मी लिंक उघडून ऐकलं. मुलगा उत्तम गातो, त्यात वाद नाही. पण मला जे जाणवलं ते लिहितो, राग मानू नये.

आमच्या घरात पंढरीची वारी आहे. लहानपणापासून भजनात टाळ घेऊन उभा राहिलो. आमच्याकडे कुणी एक अभंगाचं चरण म्हणतो आणि पुढच्याच क्षणाला मागचे पन्नास गळे धृपद उचलतात. गळा बरा आहे की वाईट, कुणी विचारत नाही. इथे मंडळी दोन कडवी गप्प उभी. एक मुलगा गातो, मग निवडलेले तीस लोक गातात, आणि मग कुठे सगळ्यांची पाळी. देवाच्या दारी अशी उतरंड मला टोचते.

दुसरं, तो आवाज आज आहे आणि वर्षा-दोन वर्षांत फुटणार. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते गाण्यामुळे की ही गोष्ट संपणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे? दुसरं असेल तर त्या पोराच्या बाजूने मला बरं वाटत नाही.

पांढरी_पाच (डोंबिवली)

माळकरी, राग कसला. पहिल्या मुद्द्यावर मी विचार केला. मला तर उलट वाटलं: एक, मग तीस, मग सगळे. तुमच्याकडे बुवा एक चरण म्हणतात आणि मग मंडळी येतात, तेच इथे सावकाश होतं. दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या क्लासमध्ये दोन मुलांचे आवाज याच वर्षी फुटले. एकाने येणं बंद केलं. मी त्याच्या घरी जाऊन आले, पेटी शिकायला ये म्हटलं, तर तो दाराआडून बोलला. तेव्हा तुमचं म्हणणं मला लागलं.

आल्टोताई, पस्तीस वर्षं! मी बेस धरून ऐकते आणि सांगते.

नदीकाठचा

केंब्रिजमध्ये 11 वर्षं आहे, म्हणून थोडं प्रत्यक्षातलं.

2016 साली मी रांगेत उभा राहून आत गेलो होतो. तेव्हा पहाटेपासून कॉलेजच्या दाराशी रांग लागायची. आता सोडत काढतात. डब्यात मेथीचे ठेपले, थर्मासात चहा, दोन जोड मोजे. माझ्या पुढे एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या दर वर्षी येणाऱ्या. माझ्या ठेपल्यांतला एक त्यांनी घेतला आणि मला त्यांच्याकडची घडीची खुर्ची बसायला दिली.

चॅपल लांबट आहे: साधारण 88 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि 24 मीटर उंच. मधोमध लाकडी पडदी आहे, आठव्या हेन्रीच्या काळातली, तिच्यावर ऑर्गन. मुलगा पश्चिमेच्या टोकाला, पडदीच्या अलीकडे उभा राहतो. मला जागा पडदीच्या पलीकडे मिळाली होती, मेणबत्त्यांच्या बाजूला. म्हणजे तो मला दिसलाच नाही. दिसत कुणालाच फारसा नाही तिकडून. सगळे समोरासमोर बसलेले असतात, आणि आवाज एका बाजूने, पडदीमागून, वरच्या दगडी छतावरून उतरत येतो. माझ्या समोर बसलेल्या माणसांचे चेहरे मला आठवतात. कुणीही मान वळवून बघितलं नाही. सगळे खाली बघत होते. एकाने टोपी मांडीवर घेऊन तिची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

दुसऱ्या कडव्याला वृंद चालायला लागतो आणि गात गात पडदीखालून आत येतो. हे रेडिओवर तितकंसं कळत नाही. आवाज आधी लांब आणि गोळा झालेला असतो, मग दोन-दोनच्या जोड्या तुमच्या शेजारून जातात, तेव्हा क्षणभर एकाच मुलाचा किंवा एकाच बेसवाल्याचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि तो पुढे गेला की पुन्हा सगळ्यांत मिसळतो. ताई, तुमचा 'हात धरला की निसटतो' हा अनुभव तिथे अक्षरशः तसाच येतो. 16 मुलं आणि 14 विद्यार्थी, त्यांतले बेस, टेनर, आल्टो हे सगळे कॉलेजात शिकणारे. त्यातल्या एकाचा कोट माझ्या गुडघ्याला घासून गेला.

माळकरींना एक सांगतो. नाताळची गर्दी सोडून द्या, सत्र चालू असताना बहुतेक दिवशी संध्याकाळी तिथे इव्हनसाँग, म्हणजे गाऊन केलेली सांजप्रार्थना असते. तिकीट नाही, सोडत नाही, कुणीही जाऊन बसावं. फेब्रुवारीच्या पावसात मी गेलो तेव्हा आम्ही जेमतेम चाळीस जण होतो, आणि ती मुलं तशीच जीव ओतून गात होती. तिथे मंडळींची संख्या किती आहे याने त्यांना फरक पडत नाही.

टीव्हीवर जो नाताळचा कार्यक्रम दाखवतात तो वेगळा, डिसेंबरात आधीच चित्रित केलेला. खूप जण दोन्हींची गल्लत करतात. थेट असते ती रेडिओवरची.

जुना_ट्रान्झिस्टर

वय 79. नातवाकडून टाइप करून घेत आहे.

मी सत्तरच्या दशकात औरंगाबादला नोकरीला असताना ही उपासना शॉर्टवेव्हवर ऐकायचो. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. एका वर्षी बरोबर त्या मुलाच्या कडव्यात आवाज बुडाला आणि वर आला तेव्हा सगळे गात होते. म्हणजे माझ्या लेखी त्या वर्षी एकाचे तीस झालेच नाहीत, अंधारातून एकदम सगळे आले. मी आणि माझे शेजारी, ते रोमन कॅथलिक, वसईचे, आम्ही गच्चीवर एरियलची तार कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधायचो.

या उपासनेचं मूळ सांगावंसं वाटतं. कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो इथे 1880 साली बिशप बेन्सन यांनी बायबलमधली नऊ वाचनं आणि कॅरल (नाताळची गीतं) यांचा हा क्रम बसवला, तिथलं कॅथीड्रल बांधून व्हायचं होतं म्हणून लाकडी शेडमध्ये. किंग्जमध्ये तो आला 24 डिसेंबर 1918 ला. पहिलं महायुद्ध संपून दीड महिनाही झाला नव्हता. एरिक मिलनर-व्हाइट नावाचे तरुण डीन (चॅपलचे प्रमुख धर्मगुरू), युद्धात सैन्याबरोबर पाद्री म्हणून राहून आलेले, त्यांनी तो आणला. पुढच्याच वर्षापासून सुरुवात याच गीताने व्हायला लागली. 1928 पासून बीबीसीवर, मध्ये 1930 चं एक वर्ष सोडून. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या, आत थंडी, आणि रेडिओवर जागेचं नाव सांगायचं नाही, तरी उपासना चालू.

या गीतानंतर लगेच डीन एक प्रार्थना वाचतात. मिलनर-व्हाइट यांचीच. तीत गरिबांची, भुकेल्यांची, आजाऱ्यांची, एकाकी माणसांची आठवण काढतात, आणि शेवटी त्यांची, जे आपल्याबरोबर आनंद करताहेत पण पैलतीरावर, अधिक मोठ्या उजेडात. 1918 साली त्या बाकांवर बसलेल्यांच्या मनात कोण असेल ते सांगायला नको. मला इंग्रजी बेताचं येत होतं तेव्हा, पण 'दुसरा किनारा' हे शब्द कळले, आणि मनात ज्ञानेश्वरांचं पैलतीर आलं. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ गेला होता. वसईकर शेजाऱ्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि काही बोलले नाहीत.

म्हणून डोंबिवलीच्या ताईंना सांगतो, काटा का आला हे दर वेळी सुरातच शोधू नका. तो मुलगा गायला लागण्याआधीची जी शांतता तुम्हाला आवाज बंद पडल्यासारखी वाटली, तिच्यात बरंच काही असतं.

जवारीवाला

मिरजेहून. तंबोऱ्यांची जवारी काढणं, म्हणजे तारांचा नाद खुलेल अशी घोडी घासून बसवणं, हा आमचा घरचा धंदा. कॅरलमधलं मला काही कळत नाही, पण ताईंच्या प्रश्नातला एक भाग आमच्या हाताखालचा आहे.

तंबोऱ्याची जवारी चांगली उघडली, सूत घोडीवर नेमक्या जागी बसलं, की खर्जाची तार छेडल्यावर गंधार ऐकू येतो. तो गंधार कुणी छेडलेला नसतो. तशी तारच नाही तंबोऱ्यावर. ताईंना हे माहीत असणारच, स्वयंभू गंधार. आता तो गंधार पेटीवर शोधायला जा, सापडत नाही. पेटीचा गंधार त्याहून चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. पेटी, पियानो, हल्लीचे बहुतेक ऑर्गन सगळीकडे तेच, कारण बारा पट्ट्या सारख्या अंतरावर बसवलेल्या.

साथ नसताना चार जण मिळून सूर धरतात तेव्हा कान त्यांना पेटीच्या गंधाराकडे नेत नाही, तंबोऱ्याच्या गंधाराकडे ओढतो. पाचास चार हे ते प्रमाण. तिथे सूर भिडला की सगळ्या आवाजांच्या वर आणखी काहीतरी वाजायला लागतं, जे कुणाच्याच गळ्यातून येत नाही. मी ते दुसरं कडवं तीनदा ऐकलं, चांगल्या हेडफोनवर. दोन ठिकाणी ओळ संपताना, सूर थांबतो तिथे, ते स्पष्ट आहे. दगडी छत त्याला धरून ठेवतं.

तेव्हा ताईंनी जे गुणगुणायचा प्रयत्न केला ते गुणगुणता येणारच नव्हतं. तंबोरा कोण गुणगुणतो?

आल्टो_नगरची

जवारीवाले दादा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमचे जुने क्वायरमास्तर एवढंच म्हणायचे, ''आल्टो, थोडं खाली, थोडं खाली, हां, आता बसलं.'' आम्ही त्यांच्यावर चिडायचो, आम्ही पियानोला बरोबर लागत होतो ना! ते त्याच गंधारासाठी होतं तर. बऱ्याच ओळींच्या शेवटी तो सूर आमच्याच वाट्याला असतो.

आमच्याकडे उपासना संगीतात ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर गातो आणि नाताळला चार आवाजांत कॅरल. दोन्हीकडे माणसं तीच, पण भजनात मी गंधार एक लावते आणि क्वायरमध्ये दुसरा, हे आज कळलं.

पांढरी_पाच (डोंबिवली)

काल रविवार होता, म्हणून करून पाहिलं.

तीन मुलींना उभं केलं. मोठीला षड्ज, खालचा. दुसरीला पंचम. धाकटी अकरा वर्षांची आहे, तिला गंधार. आधी पेटीवरून सूर दिले. तिघी बरोबर लागल्या, आणि काही झालं नाही. तीन मुली तीन सूर लावताहेत, बस. मग मी पेटीचा भाता बंद केला, झाकण लावलं आणि धाकटीला म्हटलं, दोघींचं ऐक आणि तुझा सूर अगदी हळू खाली ने, पायरी उतरू नकोस, नुसती टेक. पहिल्यांदा ती फार उतरली, कोमल गंधारच झाला. दुसऱ्यांदा बिचकली. पाचव्या-सहाव्या वेळी बसला. मला ते दिसलं आधी: तिच्या भुवया वर गेल्या. ती गाता गाता छताकडे बघायला लागली. श्वास संपला तसं म्हणाली, ''ताई, वर कोण गात होतं?''

ट्रान्झिस्टरकाका, तुमचं लिहिणं मी त्या मुलींना वाचून दाखवलं. सुरुवात करण्याआधी आम्ही अर्धा मिनिट गप्प उभ्या राहिलो होतो, ते तुमच्यामुळे.

ज्या मुलाचा आवाज फुटला त्याला मी फोन केला. त्याला सांगितलं की मोठीचा षड्ज फार वर आहे, त्याहून खाली तिचा गळा पुरत नाही, त्याच्या आताच्या आवाजात एक सप्तक खालचा षड्ज हवा आहे. बघतो म्हणाला.

आल्टोताई, दुसऱ्या कडव्यातली तुमची ओळ सरगममध्ये लिहून द्याल का? पांढरी पाच धरूनच लिहा.

आल्टो_नगरची

उद्या देते. पण बेसची ओळ आधी पाठवते, तो मुलगा आला तर त्याच्या हातात काहीतरी असू दे.